दोन कुलपांचे कपाट

सावली, जि. चंद्रपूर
५ नोव्हेंबर १९९८

श्री. लटारूजी निकुरे यांस,
मु. वरोरा

सविनय नमस्कार. आपली प्रकृती ठीक आहे असे गृहीत धरतो. नसती तर आपल्या कन्येने कळवले असते.

या पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करावयाची आहे: वाचनालयातील दंडारीच्या गीतांची हस्तलिखित पोथी आपला शिपाई सोमाजी याने चोरली. ते सिद्ध झाल्यावर सोबतच्या ठरावावर सही करून तो परत पाठवणे एवढेच आपले काम उरते. बावीस तारखेच्या रविवारी कार्यकारिणीची सभा आहे. पोलिसांत फिर्याद द्यायची तर वाचनालयाच्या घटनेप्रमाणे दोन्ही विश्वस्तांच्या सह्या लागतात. एक विश्वस्त चार वर्षे वरोऱ्यात बसून कापसाच्या गाड्या मोजत असला, तरी तो विश्वस्तच राहतो. ही घटनेतील उणीव आहे. ती लिहिली तेव्हा मी माणसांविषयी आशावादी होतो.

प्रतिज्ञा वर दिली. आता हेतू, म्हणजे तिचा आधार.

दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत सोमाजीच्या मेहुण्याच्या पथकाने दंडारीचा नाचगाण्याचा खेळ केला. मी तसल्या ठिकाणी जात नाही. परंतु मंडई वाचनालयामागच्या पटांगणावरच भरते आणि कान बंद करण्याची सोय निसर्गाने ठेवलेली नाही. तेथे मी स्वतः ऐकले:

तळ्याच्या पाळीवर बगळा बसला ध्यानी,
मासोळी पुसते त्याले, काऊन डोळ्यात पानी?

हे गीत कोठेही छापलेले नाही. आपल्या तरुणपणी जे पथक दरवर्षी मंडईआधी पोथी नेऊन पाठांतर करीत असे, ते मोडून एक पिढी झाली. त्यातले हयात आपण एकटे. आणि आपल्याला हल्ली नातवाचे नावही दोनदा विचारावे लागते असे ऐकतो, म्हणून आपला अपवाद मी धरलेला नाही. तेव्हा व्याप्ती अशी: जिथे हे गीत, तिथे ही पोथी, त्या पोथीशिवाय हे गीत कुठेही नाही. मंडईत गीत होते. म्हणून पोथी पथकाकडे आहे. पोथी ज्या उघड्या मांडणीवर होती तेथे आता नाही. वाचनालयाच्या दाराची किल्ली सोमाजीकडे होती. निगमन काढण्यास तर्कशास्त्र शिकलेले असण्याची गरज नाही. आपणही काढू शकाल.

कारणही उघड आहे. चार वर्षांपूर्वी याच मेहुण्याने पोथी मागितली होती. मी तारण मागितले. त्याने नारळ पुढे केला.

दिवाळीनंतर मी सोमाजीला कामावरून थांबवले. त्याआधी रीतसर विचारले.

“पोथी कुठे आहे?”

“मले मालूम नाई, मास्तर.”

“मग गाणे कुठून आले?”

“गानं पोथीतून येते काय जी? गानं तोंडातून येते.”

हे उत्तर उद्धटपणाचे की मूर्खपणाचे, याचा निर्णय मला करता आला नाही. दोन्ही असू शकते.

कार्यकारिणीचे म्हणाल, तर चोरीवर उपाय सुचवा म्हटल्यावर एका सदस्याने कुत्रा पाळावा असे सांगितले आणि दुसऱ्याने दाराला लिंबू-मिरची. या मंडळींसमोर मी गेल्या महिन्यात ‘प्राचीन ग्रंथालये आणि चोरीपासून संरक्षण’ या विषयावर व्याख्यान दिले. चहा येईपर्यंत ते ऐकत होते. आपण नव्हता, म्हणून सारांश देतो. सही करणाऱ्याला आपण काय राखतो आहोत हे माहीत असावे.

निनेवेच्या राजाच्या संग्रहातील मातीच्या विटांवर शाप कोरलेले सापडतात: जो ही वीट नेईल, तिच्यावर आपले नाव घालील, त्याचे नाव आणि वंश देवांनी पृथ्वीवरून पुसावा. शाप स्वस्त असतो. त्याला पहारेकरी लागत नाही. पण ज्याला वाचता येत नाही त्याला तो लागू पडत नाही, ही त्यातली खोट. अथेन्सच्या एका ग्रंथालयात दगडावर लिहिलेले होते की एकही पुस्तक बाहेर जाणार नाही, कारण तशी शपथ आम्ही घेतली आहे. तेथे लोक शपथ पाळत असावेत. युरोपातील मठांनी पुस्तकांना साखळ्या घातल्या. आपल्याकडचे लेखनिक पोथीच्या शेवटी विनवण्या करत: तेलापासून राखा, पाण्यापासून राखा, सैल बांधणीपासून राखा, मूर्खाच्या हाती देऊ नका. यातील चौथी अट पाळायची तर सावलीत वाचनालय काढायलाच नको होते.

मर्व नावाच्या शहरात मात्र एका प्रवाशाला बहुतेक तारणावाचून दोनशे ग्रंथ घरी नेऊ देत. ते शहर पुढे सैन्याने जाळले; त्यात वाचकांचा दोष नव्हता हे मला माहीत आहे. तरीही आज तेथे काय उरले ते कोणी मला दाखवावे.

अलेक्झांड्रियाची रीत सर्वांत निर्लज्ज. बंदरात आलेल्या जहाजांवरचे ग्रंथ जप्त करायचे, नक्कल करायची, मूळ ठेवून घ्यायचे आणि नक्कल मालकाच्या हाती द्यायची. नक्कल ही अर्धी चोरी आहे, असे मी त्या दिवशीही सांगितले. आपल्या संग्रहातील एकाही पोथीची नक्कल मी कोणाला करू दिली नाही आणि स्वतःही केली नाही, याचा मला अभिमान आहे.

सर्वांत शहाणी रीत जैन भांडारांची: एका कोठाराला अनेक कुलपे आणि प्रत्येक किल्ली निराळ्या पंचाकडे. सगळे जमल्याशिवाय दार उघडत नाही. तीच मी आणली. सावलीत विश्वासाची माणसे दोनच निघाली, म्हणून कुलपे दोन. नंतर त्या दोघांतले एक, म्हणजे आपण, किल्ली घेऊन वरोऱ्याला निघालात. कपाट बंद केले त्या दिवशी आपण सभेत जे बोललात, त्याचा उल्लेख मी करणार नाही.

कोणी म्हणेल, पोथी कपाटातच असेल, आधी तेथे पाहा. हा आक्षेप टिकत नाही. फडक्यांत बस्ते बांधून कपाटात ठेवायच्या पोथ्या मी निवडल्या: वेदान्त, न्याय, ज्योतिष. दंडारीचा हलका मजकूर मी त्यांत घेतला नव्हता. शिवाय पाहायचे तर आपली किल्ली लागेल, आणि ती मागण्याची मला गरज वाटत नाही.

ठराव सोबत आहे. पेन्सिलीने फुली केली आहे तेथे सही करावी.

देवराव कुनघाडकर
विश्वस्त

*

सावली
१४ नोव्हेंबर १९९८

लटारूभाऊ,

तुमचे पोस्टकार्ड मिळाले. माझ्याआधी ते पोस्टमनने आणि समोरच्या पानठेल्यावरच्या चौघांनी वाचले. आता सबंध गाव मला पाहून हसते. जपून ठेवण्याजोगा मजकूर नसल्याने येथे उतरवून घेतो आणि कार्ड टाकून देतो:

‘देव्या, पोथी कपाटातच हाय. म्या ठेवलो. तू वेदान्ताचे बस्ते मोजून राह्यला होता तवा मांडनीवरून उचललो अन् त्याच्याच पंगतीत बसवलो तिले. तुले ते हलकी वाटे, मले नाई वाटे. सोमाजी गरीब मानूस, त्याले काऊन पोलिसात देतं? चाबी देतो, पन एका बोलीवर. दोन्ही कुलपं सोमाजी खोलन, अख्ख्या कमिटीसमोर. तू हात लावाचा नाई. ठरावाचा कागद नातवानं पतंगाले लावला. लटारू.’

ज्या माणसाने मला उघड्या कार्डावर ‘देव्या’ म्हटले, त्याला ‘आपण’ लिहिणे हास्यास्पद आहे. म्हणून यापुढे तू.

तुझे म्हणणे हा पुरावा नव्हे, साक्ष आहे. आणि ज्याचा सोमाजीवर लोभ आहे त्याची साक्ष. मी ती फेटाळणार होतो. परंतु मंगळवारी दुसरी एक साक्ष चालत घरी आली.

सोमाजीची बायको चंदाबाई. तळ्यावरची मासोळी विकून, रिकामी टोपली घेऊन ती ओट्याच्या पायरीवर बसली. खुर्ची दिली होती; तिने खुर्चीवर टोपली ठेवली.

“मास्तर, मालक म्हने तुमी इच्यारलं का गानं कुठून आलं.”

“विचारले. उत्तर मिळाले नाही.”

“मंग आयका. तुमच्यापासून आलं.”

मी तिला बोलू दिले. आरोपीची बाजू ऐकून घ्यावी लागते.

“मी वाचनालय सारवाले येत होती का नाई? दुपारी? तुमी खिडकीपाशी ते पोथी घेऊन बसा. अन् एक ओळ धा खेप म्हना. बगळा बसला, बगळा बसला. मंग थांबा. मंग पुन्ना, बगळा बसला. आता आम्ही काय कानात बोळे घालाव? मंग माह्या भावाले म्याच शिकवलं.”

येथे मला तुला एक गोष्ट समजावून सांगितली पाहिजे. जुन्या पोथ्यांत शब्द सुटे लिहिलेले नसतात. ओळ सलग धावते. कोठे तोडायची हे डोळ्याला कळत नाही, तोंडाने म्हणून पाहावे लागते. सूची करताना प्रत्येक पोथी मी तशीच वाचली. निर्मनुष्य वाचनालयात मोठ्याने वाचण्यास कोणताही नियम आड येत नाही. तेथे एक बाई जमीन सारवत होती, हे मी निर्मनुष्यतेच्या विरुद्ध धरले नव्हते.

“वेदान्तही मी तसाच वाचला,” मी म्हणालो. “तो कसा पाठ झाला नाही?”

“त्याच्यात बगळा नोहता.”

मग म्हणाली, “अन् तुमी हासत होते, मास्तर. बगळ्याची ओळ आली का तुमाले हासू ये. म्या घरी जाऊन मालकाले सांगितली, मास्तर आज हासले.”

मी हसलो नसेन. पण हा मुद्दा प्रस्तुत नाही.

मी तिला गीत म्हणून दाखवण्यास सांगितले. तिने तेथेच, पायरीवर बसून, म्हटले. मी वाचले होते त्या क्रमाने, मी जेथे थांबत असे तेथे थांबून. फक्त शेवटी, मासोळी बगळ्याला निरोप देते तेथे, एक ओळ अशी आली की मासोळी त्याला एस.टी.ने वैनगंगेला जा म्हणते.

“ही ओळ पोथीत नाही.”

“नाई. ते माही हाय. बगळा पायी कुठी जाईन येवढ्या उन्हाचा?”

आणि ध्यानस्थ बगळ्याची ओळ म्हणताना ती सारा वेळ माझ्याकडे का पाहत होती, हे मी विचारले नाही.

यातून काय सिद्ध होते? पोथीवाचून गीत बाहेर गेले असू शकते, एवढेच. शक्यता सिद्ध झाली, तथ्य नाही. तरीही माझ्या हेतूला तडा गेला आहे, आणि तडा गेलेल्या हेतूवर मी माणसाला पोलिसांत पाठवत नाही. कार्यकारिणीला हा फरक समजावून सांगण्याचा प्रयत्न केला. त्यांचे मत असे की फिर्याद आधी द्यावी, कपाट नंतर पाहावे. ठाणेदार ओळखीचा आहे. ही माणसे मतदानाने दोन आणि दोन तीनही करतील. बावीसच्या रविवारी बहुमत त्यांच्याकडे आहे आणि तुझ्या सहीवाचून ते फक्त या वेळेपुरते अडतील. पुढच्या सभेत ते घटनाच बदलतील. सोमाजीला त्याची कल्पना आहे. तो तेव्हापासून गावात दिसत नाही, तळ्यावर असतो.

म्हणून किल्ली पाठव. मी ती मागतो आहे. तुझी अट अपमानकारक आहे; ती मान्य करतो.

तू विचारणार नाहीस, तरी सांगतो. कपाट बंद झाल्यापासून मी ती पोथी एकदाही काढून पाहिली नव्हती. मांडणीवर ती आहे असे मला माहीत होते, म्हणून पाहण्याची गरज वाटली नाही. मंडईत गीत ऐकले तेव्हाच मी मांडणीकडे गेलो.

रविवारी सकाळच्या एस.टी.च्या ड्रायव्हरकडे किल्ली देऊ नकोस; तो पाकिटे विसरतो. शनिवारचा माणूस बरा.

देवराव

*

सावली
६ डिसेंबर १९९८

प्रिय लटारू,

शनिवारच्या ड्रायव्हरने किल्ली आणून दिली. सुतळीने एका वांग्याला बांधली होती, म्हणजे हरवणार नाही. वांगे चांगले होते.

रविवारी सगळी कार्यकारिणी जमली. एरवी गणपूर्तीसाठी माणसे घरून बोलवावी लागतात. चोर दाखवणार म्हटल्यावर सतरंजी अपुरी पडली. मी दोन्ही किल्ल्या सोमाजीच्या हातात दिल्या आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. तुझी अट मी अक्षरशः पाळली.

तुझे कुलूप गंजले होते. सोमाजीने त्यात खोबरेल सोडले, वाट पाहिली आणि पुन्हा फिरवले. माझे लगेच उघडले. मी ते दर दसऱ्याला पुसत असे, बाहेरून.

दार उघडताच मातीचा वास आला. कपाटाची पाठ भिंतीला लागून आहे आणि भिंतीतून वाळवी आत शिरली होती. चार पावसाळे तिला कोणी हटकले नव्हते. वेदान्ताचे बस्ते बाहेरून शाबूत होते. सोमाजीने पहिला उचलला तेव्हा तो कागदाच्या मानाने फार हलका लागला असावा, कारण त्याने तो लगेच परत ठेवला आणि माझ्याकडे पाहिले.

तू ठेवलेली पोथी त्याच रांगेत मागे होती. लाल फडके, आणि त्यावर तू घुंगरांना मारायचास ती दुहेरी गाठ. म्हणजे तुझे म्हणणे अक्षर न् अक्षर खरे होते. सोमाजीने गाठ सोडली. आत चार कडांना कागदाची चौकट उरली होती, तसबिरीची असते तशी, आणि मध्ये माती.

“उधई हाय, मास्तर,” तो म्हणाला.

मग त्याने ते फडके दोन्ही हातांवर धरून साऱ्या कार्यकारिणीसमोर फिरवले, आरतीचे तबक फिरवावे तसे, आणि लिंबू-मिरचीवाल्या सदस्यासमोर थांबला.

“घ्या. सापडला चोर. लिवा फिर्याद. येकटा नाई हाय जी, त्याचं अख्खं गाव हाय आतमंदी.”

सभा कोणताही ठराव न करता संपली. चहा मात्र झाला.

सोमाजी कामावर परत आला आहे. मी त्याला तसे सांगितले, तेव्हा त्याने जाळे विणता विणता विचारले, “मास्तर, तुमी सांगून राह्यले का इच्यारून राह्यले?” मी म्हणालो, विचारतो. तो दुसऱ्या दिवशी आला, उशिरा. एक कुलूप त्याने सायकलला लावले आहे. दुसरे तुझे, ते आता बंद होत नाही. कपाट उघडेच असते आणि तो ते वेळ मिळेल तेव्हा झटकतो. न्यायाचे दोन बस्ते वाचले. ज्योतिष गेले, त्याचे भविष्य त्याला कळायला हवे होते.

दुपारी चंदाबाई येते आणि मी लिहितो. होय, नक्कल. जिचे मूळ नाही अशी. बाई सांगण्यात शिस्त पाळत नाही. कंटाळली की कडवे गाळते आणि मासोळीचा भाव सांगू लागते. एस.टी.ची ओळ मी अर्थातच गाळली होती. दुसऱ्या दिवशी तिने लिहिलेले वाचून दाखवायला सांगितले. मी वाचले. शेवट आला तशी तिने टोपलीवर हात मारला.

“मास्तर! माही ओळ कुठी गेली?”

“ती मुळात नाही.”

“मुळातलं सारं उधईनं खाल्लं. हे माह्या तोंडातली होती, ते तुमी खाल्ले. चोरी केली, मास्तर.”

सोमाजी दारात उभा राहून ऐकत होता. ती ओळ मी पुन्हा लिहिली. शाईने.

आता कामाचे. मधले एक कडवे तिला येत नाही. मासोळीची आई येऊन बगळ्याशी भांडते, ते. चंदाबाई म्हणते, मास्तर ते कधी मोठ्याने वाचत नव्हते. खरे आहे. ते कडवे तू लुगडे नेसून मंडईत म्हणायचास, आणि सबंध पटांगण हसायचे. मला ते वाचताना तुझाच आवाज ऐकू येई, म्हणून तेथे मला तोंड उघडावे लागत नसे. आता ते दुसऱ्या कोणाकडे नाही. नातवाचे नाव विसरत असशील तर विसर. हे कडवे विसरण्याआधी ये. एस.टी.चे तिकीट वाचनालय देणार नाही. मी देईन.

कपाट बंद केले त्या दिवशी तू सभेत म्हणाला होतास, “देव्या, तुले पुस्तकं नाई पाहिजे, तुले कुलपं पाहिजे.” उल्लेख करणार नाही असे मी लिहिले होते. केला.

शेवटी, पहिल्या पत्रात एक गोष्ट सिद्ध करण्याचे मी मान्य केले होते, तेव्हा हिशेब पुरा करणे भाग आहे. त्या युक्तिवादात चूक एकच होती आणि ती माझी आहे. मी लिहिले होते: त्या पोथीशिवाय हे गीत कुठेही नाही. ते चूक आहे. ते सारवलेल्या जमिनीवर होते, मंडईत होते, वरोऱ्याला होते. फक्त त्या पोथीत आता ते नाही.

हे मी शुद्धीवर, कोणाच्याही दबावाशिवाय लिहिले आहे.

सही
देवराव कुनघाडकर
(देव्या)